कांठावरून फिरणारी सुई

मुलांच्या खेळण्यांविषयीं लेख लिहावयाचा म्हटलें कीं, आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या मुद्रेवर किंचित् क्षमाशील हास्य उमटतें, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या खेळण्याच्या पोटांत मिनिटास वीस-पंचवीस हजार फेरे घेणारें इंजिन आहे, ज्याचें इंधन प्राणघातक विष आहे, आणि जें एकदां पाण्यावर सोडलें म्हणजे हातानें शिवतां येत नाहीं, त्यास केवळ खेळणें म्हणून बाजूस सारणें आम्हांस साधलें नाहीं. कोलशेतच्या आमच्या एकत्र कुटुंबांत अशी एक होडी गेल्या वर्षापासून आहे. ती आमच्या पुतण्याची. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. आम्ही केवळ कांठावर उभे राहणारे. परंतु कांठावर उभें राहून जें ध्यानीं आलें, तें सांगण्याजोगें वाटतें. कारण या होडींतील सर्वांत नाजूक काम सुकाणूचें नव्हे. दूर पाण्यावर धांवणाऱ्या इंजिनास किती इंधन पाजावें, हें कांठावरून ठरविणें, हें तें काम होय.

दुरून होडी हांकणें ही कल्पना आतां जुनी झाली. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बॅटरीवर चालणारी एक लहान नौका पाण्याच्या हौदांत सोडली, आणि तारेवांचून, केवळ विद्युल्लहरींच्या साहाय्यानें, ती वळवून दाखविली. तिचें पेटंटही त्यास त्याच वर्षीं मिळालें. त्याच्या थोडेंसें आधीं, १८९५ च्या सुमारास, आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास अशाच लहरींनीं दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. इंग्लंडांत लहान प्रतिकृति-नौकांचा नाद याहून घरगुती. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील तळ्यावर वाफेच्या छोट्या होड्या चालविणारांचा क्लब १९०४ सालीं निघाला, आणि १९२४ त तेथील अशा मंडळांची एक मध्यवर्ती संस्थाही स्थापन झाली. त्या दिवसांत ज्या होड्या केवळ वेगासाठीं बनवीत, त्या तळ्याच्या मध्यावरील खांबास दोरीनें बांधून घाण्याच्या बैलासारख्या गोल फिरवीत असत. एकदां हात सोडला म्हणजे पुढें इंजिनाचें काय व्हावयाचें तें त्याच्या दैवावर. पुढें रेडिओ आला. प्रथम सुकाणू ताब्यांत आलें, मग वेग ताब्यांत आला. परंतु इंजिनाच्या पोटांत हवा व इंधन कोणत्या प्रमाणांत जावयाचें, तें पुष्कळ दिवस कांठावर ठरवून दिलें तेंच कायम राही. हें प्रमाण दुरून बदलण्याची सोय त्यानंतरची, आणि आजही ती प्रत्येक होडींत असतेच असें नाहीं.

ती कां लागते हें समजण्यास प्रथम या इंजिनाचें खाणें पाहिलें पाहिजे. 'नायट्रो' हें नांव ऐकून पुष्कळांस सुरुंगाची आठवण होते. वस्तुतः या इंधनाचा मुख्य भाग मिथेनॉल, म्हणजे लांकडापासून पूर्वीं काढीत तें मद्यार्काचें विषारी भावंड. त्यांत वंगणासाठीं तेल, आणि जोर वाढविण्यासाठीं कमीअधिक नायट्रोमीथेन. या तिसऱ्या पदार्थाच्या वजनांत अर्ध्याहून अधिक प्राणवायूच असतो. म्हणून तो जळतांना बाहेरची हवा फार थोडी मागतो. एक भार पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते, मिथेनॉलास साडेसहा भार, आणि नायट्रोमीथेनला अवघी १.७ भार. याचा अर्थ असा कीं, तितक्याच हवेच्या घोटाबरोबर हें इंजिन पेट्रोलच्या इंजिनाहून दुप्पट-तिप्पट इंधन गिळतें, आणि इंधनाची वाट उघडणारी सुई केंसभर हलली तरी फरक कानावर येतो.

तेलाची गोष्ट तर आमच्या वाचकभगिनींस विशेष ओळखीची वाटेल. कारण या कामास उत्तम तेल म्हणून ज्याची ख्याति आहे, तें दुसरें तिसरें कांहीं नसून एरंडेल होय! लहानपणीं दर महिन्यास नाक दाबून जें पाजलें जाई, तेंच पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही ओतीत असत. बहुतेक तेलें मद्यार्कांत विरघळत नाहींत, एरंडेल विरघळतें. शिवाय ज्या उष्णतेनें इतर तेलें जळून जातात त्या उष्णतेंतही तें धातूस चिकटून राहतें. वैमानिकांच्या नियंत्रणाखालीं चालणाऱ्या प्रतिकृति-विमानांच्या आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धांत तर ऐंशी भाग मिथेनॉल व वीस भाग एरंडेल एवढेंच साधें इंधन सर्वांस सारखें देतात. नायट्रोमीथेनचा थेंबही नसतो. आमच्या पुतण्यासही आम्हीं तेवढ्यावरच भागविण्यास सांगितलें आहे. नायट्रोमीथेन स्फोटक जातीचें, आणि घरांत आणण्याजोगें तर मुळींच नव्हे. त्यावांचून होडी थोडी मंद धांवेल; धांवूं द्यावी.

या इंजिनास पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. माथ्यावर एक लहानशी 'ग्लो प्लग' बसविलेली असते. तिच्यांत प्लॅटिनमच्या जातीच्या तारेचें वेटोळें असतें. आरंभीं दीड व्होल्टच्या बॅटरीनें तें लाल करावयाचें, इंजिन सुरू झालें कीं बॅटरी काढून घ्यावयाची. पुढें मिथेनॉलची वाफ त्या तारेच्या पृष्ठभागावर आपण होऊन जळत राहते व तार आपली आपण तापलेली राहते. अमेरिकेंत रे आर्डेन यानें ही युक्ति १९४७ च्या सुमारास बाजारांत आणली, आणि लहान इंजिनांच्या पाठीवरचें ठिणगीच्या सामानाचें ओझें एकदम उतरलें. परंतु त्याबरोबर एक पेंचही आला. ठिणगीच्या इंजिनांत पेट केव्हां घ्यावयाचा तें यंत्रानें ठरविलेलें असतें. येथें तें ठरतें तारेच्या उष्णतेवर आणि मिश्रणावर. मिश्रणांत इंधन कमी झालें कीं इंजिन तापतें, तापलें कीं पेट वेळेच्या आधींच घेतला जातो, आधीं घेतला कीं आणखी तापतें. त्यांत भर अशी कीं वंगणाचें तेलही इंधनांतूनच येतें. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांत पेट्रोलबरोबर तेल घालून घेत असत, तें ज्यांस आठवतें त्यांस हें सहज समजेल. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. ज्या क्षणीं इंजिनास वंगण सर्वांत अधिक हवें, नेमकें त्याच क्षणीं तें त्याच्या तोंडचें काढलें जातें.

कारागीर ज्यास 'रिच' म्हणतात त्यास आपण दाट मिश्रण म्हणूं, आणि 'लीन' त्यास विरळ. ज्यांच्या स्वयंपाकघरांत एके काळीं प्रायमस स्टोव्ह फरफरत असे, त्यांस या दोहोंचा भेद शिकविण्याची गरज नाहीं. ज्योत पिंवळी, धुराची, भांडीं काळीं करणारी, म्हणजे दाट. ज्योत निळी व ताठ म्हणजे बरोबर. फरक इतकाच कीं स्टोव्हची ज्योत डोळ्यांपुढें असते, आणि इंजिनाची ज्योत पोलादाच्या भिंतीआड, ती भिंत होडीच्या पोटांत, आणि होडी शंभर हात दूर पाण्यावर. दाट मिश्रणानें इंजिन गुरगुरतें, धूर सोडतें, वेग घेत नाहीं, पण जगतें. कारण मिथेनॉल वाफ होतांना पुष्कळ उष्णता शोषून घेतें व इंजिनास आंतून थंड ठेवतें. विरळ मिश्रणानें तें प्रथम फार सुंदर धांवतें. हाच खरा घात. मरणापूर्वीं क्षणभर इतकें उत्तम चालणारें दुसरें यंत्र आम्हांस ठाऊक नाहीं.

मग कांठावर एकदांच नीट जुळवून कां सोडीत नाहींत, असा प्रश्न आम्हींही विचारला होता. त्याचें उत्तर पाण्यावरच मिळतें. कांठावर होडी हातांत धरून इंजिन चालू केलें असतां पंखा हवेंत फिरतो. त्यावर भार म्हणून नाहींच. पाण्यांत ठेवतांच तो भार एकदम येतो व इंजिन दबतें. मग होडी वेग घेऊन पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाते, पंखा अर्धाच पाण्यांत राहतो, भार पुन्हां कमी होतो, फेरे भराभर वाढतात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या मागें जी फुगीर धुराची नळी असते, ती विशिष्ट फेऱ्यांवरच इंजिनाशीं सूर जुळवून त्यास अधिक श्वास घेऊं देते; तो सूर जुळला कीं इंधनाची मागणी आणखी बदलते. वळणावर पाणी होडीस मागें ओढतें, टाकींतील इंधन एका अंगास लोटलें जातें, कधीं नळींत हवेचा बुडबुडा शिरतो. टाकी रिकामी होत जाते तसतसा इंधनाचा दाबही उतरतो. सकाळचें थंड इंजिन व दहा मिनिटें धांवलेलें इंजिन यांची भूक सारखी नसते. सकाळची हवा व दुपारची हवा यांतही अंतर आहे, आणि कोंकणपट्टींतील दमट हवेंत तर मिथेनॉल झांकण उघडें राहिल्यास पाणी ओढून घेऊन नासतें. युरोपांत 'नाविगा' या संस्थेच्या नियमांनीं या होड्यांच्या दीर्घ शर्यती होतात. इंग्रजी 'एम्' अक्षराच्या आकाराच्या मार्गावर, अर्ध्या तासापर्यंत, अनेक होड्या एकाच वेळीं. इतका वेळ एकाच सुईच्या एकाच वळशावर भरंवसा ठेवणें म्हणजे सकाळीं चुलींत घातलेल्या एकाच लांकडावर दिवसभराचा स्वयंपाक करूं म्हणण्यासारखें आहे.

यासाठीं जी योजना करतात ती पाहावयास अगदीं साधी. होडीच्या रेडिओवर सुकाणूसाठीं एक मार्ग व वेगासाठीं दुसरा. त्यांस तिसरा जोडावयाचा. या तिसऱ्या मार्गावर एक लहान सर्व्हो, म्हणजे हुकुमाबरोबर ठराविक अंशांत वळणारी विजेची मूठ, बसवितात. तिच्या दांड्यापासून एक बारीक तार थेट कार्ब्युरेटरच्या सुईच्या दांड्यास जाते. कांठावरील यंत्रावर एक बोंडी असते. ती डावीकडे फिरविली कीं सुई उघडते, उजवीकडे फिरविली कीं मिटते. दुसरा प्रकार असा कीं मूळ सुईस हात न लावतां इंधनाच्या नळींतच एक निराळी लहान तोटी घालावयाची व ती सर्व्होनें फिरवावयाची. पुतण्यानें पहिला प्रकार घेतला; त्यांत सांधे कमी.

साधेपणाच्या आड मात्र तीन-चार गोष्टी अशा आहेत कीं त्या चुकल्यास सर्व योजना नसलेली बरी. सुईचा फिराव पुरता ठेवावयाचा नाहीं. पाव वळसा, फार तर अर्धा. बोंडी उजवीकडे शेवटपर्यंत फिरली तरी सुई प्राणघातक विरळपणापर्यंत पोहोंचतां कामा नये, अशी अडसर यंत्रांतच असावी. बोटाच्या शहाणपणावर ती सोडूं नये. दुवा अगदीं सैल नसावा. इंजिनाच्या थरथरीनें सैल दुवा स्वतःच सुई फिरवूं लागतो. तार जेथें रेडिओच्या पेटींतून बाहेर येते तेथें रबराची टोपी घालून पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं. आणि मुख्य म्हणजे, लहरींचा संबंध तुटला तर होडीनें काय करावें हें ग्राहक-यंत्रास आधींच शिकवून ठेवावयाचें. वेग बंद, सुई दाट बाजूस. कित्येक मुलें पहिली गोष्ट करतात व दुसरी विसरतात. सध्यांचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतात, व कमी शक्तीच्या यंत्रांस त्यासाठीं २००५ पासून आपल्याकडे परवाना लागत नाहीं. परंतु या लहरी पाण्यांतून, त्यांतही खाऱ्या पाण्यांतून, जात नाहींत. म्हणून ग्राहकाची बारीक तार होडीवर जितकी उंच उभी राहील तितकी ठेवावी.

इतकें सर्व जुळल्यावर उरतो तो कान. आमच्या मतें या छंदाचा सारा गोडवा येथेंच आहे. होडी दाट मिश्रणावर सोडावयाची. इंजिनाचा आवाज तेव्हां तुटक, भरड असतो. एक सोडून एक फेऱ्यांत पेट घेतल्यासारखा. पाण्यावर निळसर धुराची रेघ राहते. एक फेरी तशीच जाऊं द्यावयाची, इंजिन तापूं द्यावयाचें. मग बोंडी किंचित् उजवीकडे. आवाज एकसंध होतो. आणखी किंचित्, तो चढतो. तंबोऱ्याची खुंटी पिळतांना ज्या ठिकाणीं हात आपोआप थांबतो, तसें येथेंही एक ठिकाण आहे; पण तंबोरा तेथें थांबतो आणि येथें थांबावयाचें नसतें, तेथून केंसभर मागें यावयाचें असतें. अगदीं शिगेचा सूर लागला म्हणजे धोक्याची रेषा गांठली. धूर दिसेनासा झाला, आवाज कर्कश होऊन मग हळूच खालीं बसूं लागला, तर विचार करीत बसूं नये. त्याच क्षणीं बोंडी डावीकडे. वळणाच्या आधीं थोडें दाट, सरळ पट्ट्यावर थोडें विरळ, असें जाणते लोक प्रत्येक फेरींत करतात म्हणे. पुतण्यास अद्यापि तें साधलेलें नाहीं. तो वळणावर सुकाणू पाहतो तेव्हां सुई विसरतो. हल्लीं इंजिनाची उष्णता मोजून ती कांठावरील यंत्राच्या पडद्यावर आंकड्यांत दाखविणारे रेडिओही निघाले आहेत. ते उपयोगी खरे, पण आंकडा वाचण्यास डोळे होडीवरून काढावे लागतात; कान काढावा लागत नाहीं. होडी परत आल्यावर ग्लो प्लग काढून तारेकडे पाहण्याची जुनी रीत आम्हांस अधिक भरंवशाची वाटते. तार चकचकीत व ओलसर असेल तर ठीक. पांढुरकी, मरगळलेली किंवा वांकडी झाली असेल, तर कानानें कोठें तरी दुर्लक्ष केलें.

आतां कोलशेतच्या पाण्याविषयीं. उल्हास नदी सह्याद्रींतून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत येते, आणि कोलशेतपाशीं तिचें रूप पुरतें खाडीचें झालेलें असतें. पुढें घोडबंदरावरून वसईस ती समुद्रास मिळते. समोर भिवंडीच्या अंगास काल्हेर. एके काळीं या गांवीं कोळी-आगरी वस्ती, रेतीच्या होड्या, आणि सँडोझचा, पुढें क्लॅरियंट म्हणून ओळखला गेलेला, रसायनांचा कारखाना एवढेंच काय तें होतें. कारखान्याच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. हवाईदलाचें ठाणेंही येथेंच असल्यामुळें प्रतिकृति-विमानें उडविण्याचा विचार मनांतही आणूं नये. राहिलें पाणी, आणि उंच गच्चीवरून पाहणाऱ्या मुलास तें फार विस्तीर्ण, फार मोकळें दिसतें. तें तितकें मोकळें नाहीं. २०१६ च्या कायद्यानें या खाडीस राष्ट्रीय जलमार्गांत क्रमांक मिळाला आहे, व भाईंदर, कोलशेत, काल्हेर, डोंबिवली येथें धक्के पहिल्या टप्प्यांत आखले गेले. कांठाशीं तिवरें आहेत, त्यांत पक्षी आहेत. इंजिनाचा कर्कश आवाज व पाण्यावर पसरणारें तेल त्यांच्या वाट्यास जाऊं नये. पाणी खारें, त्यांत तरंगत्या पिशव्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे तें स्थिर नाहीं.

भरती-ओहोटीचें गणित आमच्या वाचकांच्या घरीं भिंतीवरच टांगलेलें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा कीं, तिथीच्या आंकड्यास तिहींनीं गुणून चोहोंनीं भागावें. मुंबईच्या किनाऱ्यावर तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढें. खाडींत आंत तीच वेळ थोडी मागाहून येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीनंतर एकदोन दिवस पाणी सर्वांत सौम्य.

हें गणित पुतण्यानें शिकून घेतलें तें एका प्रसंगानंतर. त्या दिवशीं वद्य तृतीया होती. उधाण नुकतेंच होऊन गेलेलें. त्या वेळीं होडीवर दोनच मार्ग होते, सुकाणू व वेग. सुई कांठावर लावून दिलेली. साडेचारच्या सुमारास त्यानें होडी सोडली. पहिल्या दोन फेऱ्या अप्रतिम झाल्या. इतक्या अप्रतिम कीं जवळ उभीं असलेलीं लहान मुलें टाळ्या पिटूं लागलीं. तिसऱ्या फेरींत आवाज चढला, बारीक झाला, आणि मधेंच तुटला. विरळ मिश्रणावर इंजिन थांबलें होतें. होडी प्रवाहाच्या मध्याकडे तरंगत राहिली, आणि ओहोटीनें तिला हळूहळू घोडबंदरच्या बाजूस न्यावयास आरंभ केला. हातांत उत्तम रेडिओ, त्यांत भरलेली बॅटरी; परंतु बंद पडलेल्या इंजिनापुढें त्याचा कांहीं उपयोग नव्हता. पुतण्यानें रेडिओ आमच्या हातांत दिला, चपला काढल्या, आणि तो कांठाखालीं उतरला. दुसऱ्याच पावलास तो गुडघ्यापर्यंत गाळांत गेला.

खाडीचा गाळ ज्यानें पाहिला नाहीं त्यास तो चिखल वाटतो. तो चिखल नव्हे. ओहोटीच्या वेळीं त्यांत अडकलेला पाय स्वतःच्या बळावर काढतां येत नाहीं, आणि पुढें प्रवाहाची ओढ असते. आम्हीं त्यास हांक मारून जागच्या जागीं उभें राहावयास लावलें. जवळच गांवांतील एक वृद्ध कोळी जाळें नीट करीत बसले होते. त्यांनीं प्रथम वल्ह्याचा दांडा देऊन त्यास बाहेर ओढलें, आणि मग आपली होडी काढून ती खेळण्यांतली होडी आणून दिली. ती अर्धा मैल गेली होती. पैसे त्यांनीं घेतले नाहींत. पुतण्याकडे पाहून ते इतकेंच म्हणाले, "बाळा, आमची होडी वाहून गेली तरी आम्ही ओहोटीत पाण्यात उतरत नाय."

त्या रात्रीं घरीं सभा भरली. आमचे वडील, ज्यांस सर्व घर अण्णा म्हणतें, ते निवृत्त रसायनशिक्षक. त्यांनीं खाडीविषयीं एक शब्दही काढला नाहीं. त्यांनीं विचारलें तें इंधनाविषयीं. मिथेनॉल घरांत कोठें ठेवलें आहे? पाण्याच्या बाटलींत, पुस्तकांच्या कपाटाखालीं, असें उत्तर आलें. अण्णा कांहीं वेळ स्वस्थ राहिले. मग त्यांनीं २०१५ च्या जूनमध्यें मालवणीस काय झालें तें मुलांस सांगितलें. मालाडच्या त्या वस्तींत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, पोटांत गेल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते. तीस मिलिलिटरनें प्राण. दिसावयास पाण्यासारखें, वास फारसा नाहीं, आणि लक्षणें तासांनीं दिसूं लागतात. कोणीं प्यालें असा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहतां तडक इस्पितळ गांठावें. तें त्वचेंतूनही शरीरांत जातें. अवघ्या अकरा अंश उष्णतेवर त्याची वाफ पेट घेऊं शकते, म्हणजे ठाण्याच्या हवेंत ती बारमाही पेटण्यास तयार. आणि त्याची ज्योत उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. अंगावर आग असून दिसूं नये, याहून भयंकर तें काय? वहिनींनीं तत्क्षणीं छंदच बंद करण्याचें सुचविलें, आणि आमचें मतही तिकडेच झुकत होतें, हें नमूद केलें पाहिजे.

अण्णांनीं बंद केला नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या मुलास आपण उद्यां कारखान्यांत धाडणार, त्यानें धोका घरांत, वडिलांच्या देखत, नियमानें हाताळावयास शिकावें. चोरून हाताळण्याहून तें बरें. त्यांनीं नियम घातले ते असे. इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही नाहीं. धातूच्या, घट्ट झांकणाच्या, मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलेल्या डब्यांत. डबा सदनिकेंत नाहीं, तळमजल्यावरील कुलुपाच्या कोठडींत, किल्ली अण्णांजवळ. एका वेळीं एक लिटरहून अधिक आणावयाचें नाहीं. महाराष्ट्रांत मिथेनॉल विषविषयक नियमांखालीं येतें, म्हणून परवाना असलेल्या दुकानदाराकडूनच, कायदेशीर कागद करून. भरतांना हातमोजे, जवळ लहान मुलें नाहींत, पाण्याची भरलेली बादली शेजारीं, कारण मिथेनॉल पाण्यांत मिसळतें व पुरेशा पाण्यानें विझतें. आणि खाडीपुरता एकच नियम. होडी जावो, राहो. पाण्यांत कोणीं उतरावयाचें नाहीं.

तिसरा मार्ग व दुरून फिरणारी सुई आली ती या सभेनंतर. वेगासाठीं नव्हे, तर इंजिन दूरवर बंद पडूं नये यासाठीं. आवाज बारीक होऊं लागतांच कांठावरून त्यास दोन घोट अधिक पाजतां यावेत, आणि तें गुरगुरत का होईना, आपल्या पायांनीं कांठास यावें, एवढीच अपेक्षा. गेल्या आठ महिन्यांत इंजिन पाण्यावर दोनदां थांबलें. दोन्ही वेळां दाट मिश्रणानें, कांठापासून वीस हातांच्या आंत, आणि लांब दोरीच्या टोकास बांधलेला टेनिसचा चेंडू पलीकडे फेंकून होडी ओढून घेतां आली. विरळ मिश्रणानें एकदांही नाहीं. अडसर लावतांना पुतण्यानें ती इतकी दाटाकडे ठेविली आहे कीं, त्याचे मित्र त्याच्या होडीस 'धुराडें' म्हणतात.

विजेवर चालणाऱ्या होड्या आतां इतक्या चांगल्या निघाल्या आहेत कीं, केवळ वेग हवा असेल तर त्याच घ्याव्यात, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. त्यांस विष नाहीं, सुई नाहीं, आवाजही थोडा. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोंपेस त्या परवडतात. त्यांच्या बॅटऱ्याही सांभाळाव्या लागतात, पण तो निराळा विषय. ज्यास यंत्राचें पोट समजून घ्यावयाचें आहे, त्यानेंच या इंजिनाच्या वाटेस जावें, आणि खाडी सोडून एखादें खाजगी, स्थिर, गोडें तळें मालकाच्या परवानगीनें मिळाल्यास फारच उत्तम. ठाणें हें तळ्यांचें शहर खरें. परंतु मासुंदा काय, उपवन काय, तेथें माणसांची इतकी दाटी असते कीं, वेगाची होडी सोडणें हा सभ्यपणा होणार नाहीं.

आमच्या घरीं मात्र अद्यापि खाडीच आहे, आणि दिवस पंचांग पाहून ठरतो. दशमीपासून द्वादशीपर्यंत, सकाळीं, भरती पूर्ण होऊन पाणी थबकतें तेवढा अर्धा-पाऊण तास; त्यांतही जलमार्गावर दुसरी होडी दिसली कीं आपली कांठास. परत आल्यावर काम संपत नाहीं, वाढतें. इंजिनाच्या माथ्याभोवतीं थंड करण्यासाठीं खाडीचेंच पाणी खेळविलेलें असतें; ती नळी गोड्या पाण्यानें तीनदां धुवावी लागते, नाहीं तर मीठ आंत बसतें. टाकींतील उरलेलें इंधन काढून घ्यावयाचें, नळींतील इंजिन चालवूनच संपवावयाचें. मिथेनॉल आंत राहिलें कीं तें हवेंतील पाणी ओढून घेऊन पोलादाच्या धारकांस गंजवतें. मग ग्लो प्लग काढून त्या छिद्रांतून चार थेंब तेल, आणि हातानें दहा-बारा फेरे. सर्व्होचा दांडा दाट बाजूस नेऊन तसाच ठेवून द्यावयाचा, म्हणजे पुढल्या वेळीं होडी पाण्यांत जाईल ती धूर काढीतच. डबा कोठडींत, कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या खुंटीवर.